सात काड्यांचा आकडा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत जे कानावर पडलं तेवढंच शिक्षण. तेव्हा चुका होणार, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही सांगता येणार नाही, कारण ही वही कुणाला दाखवायची नाही. मुलीच्या कॉलेजच्या जर्नलमधली उरलेली कोरी पानं आहेत, मीच ती दोऱ्यानं शिवली. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा लिहिते. चष्मा आहे तरी ओळ उताराला लागल्यासारखी खाली जाते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लहानपणापासून असंच आहे. कागदाची तेवढी भीती वाटत नाही. सगळं आयुष्य लिहायचं नाही मला. कॉम्प्युटरच्या दुकानात मी आकडे लावायची, तेवढ्या दोन वर्षांचं लिहायचं आहे.

आमची एकच खोली, वर पत्रा. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर ते भिवंडीला यंत्रमागावर गेले, दोन वर्षं पैसे पाठवले, मग पत्रही येईना. राहिलो आई आणि मी. आई विड्या वळायची. सकाळी उंबऱ्याजवळ उजेडाला बसायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कडेला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा छोटा फर्मा पानावर ठेवून कातरीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, नखानं तोंड दुमडायचं. मिलचा भोंगा थांबल्यापासून आमच्या गल्लीत वेळ कळायची ती घराघरांतल्या कातरींच्या आवाजावरून. आवाज थांबला की जेवणाची वेळ झाली. मला चौथीनंतर शाळेतून काढलं ते विड्यांची तोंडं दुमडायला. आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही, एका माणसाच्या हातून दिवसाला हजार विड्या होत नव्हत्या. घरात सगळ्याला तंबाखूचा वास, अंथरुणाला, केसांना, भाकरीला. ती चव मरावी म्हणून आई शेंगाची चटणी इतकी तिखट कुटायची की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्या पाण्यासकट आम्ही जेवायचो. संध्याकाळी कारखान्यात विड्या द्यायची रांग. तिथला चेकर प्रत्येकीच्या सुपातून मूठभर विड्या उचलून ‘छाट’ म्हणून बाजूला टाकायचा. छाट म्हणजे खराब माल, त्याचे पैसे नाहीत. ती परत द्यायचा नाही. पुढं ती चांगल्या विड्यांतच मिसळली जायची, हे सगळ्या बायकांना माहीत होतं. आई तिथं काही बोलायची नाही. घरी आल्यावर पाय धुताना एवढंच म्हणायची, “आज बी माझ्या हाताला खोट लावली त्यानं.”

आईला खोकला लागला आणि हजारच्या सातशे विड्या व्हायला लागल्या, तेव्हा मी बाहेर कामाला निघाले. नव्या पेठेत एका इमारतीच्या तळघरात कॉम्प्युटरचं दुकान होतं. झाडायचं, चहाचे ग्लास विसळायचे, खोकी आवरायची. दुकानाचे मालक नुकतेच पुण्याहून आलेले, सगळे त्यांना सर म्हणायचे. मुंबईहून सुटे भाग आणून तिथं कॉम्प्युटर जोडले जायचे. जोडायचं काम नझीरभाई करायचे. जाडजूड माणूस, बोटं केळ्यासारखी. एकदा त्यांच्या हातून एक बारीक काळी टोपी खाली पडली, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि ते जमिनीवर हात फिरवत बसले. मी झाडत होते. दोन नखांत धरून मी ती उचलली आणि त्यांनी दाखवलेल्या दोन तारांवर बसवली. पहिल्या झटक्यात बसली. नझीरभाई माझ्या हाताकडं बघत राहिले. “विडीवाली है क्या?” मी मान हलवली. “तर मग झाडू ठेव,” ते म्हणाले, “आजपासून ह्या टोप्या तुज्या.”

ज्यांनी ते जुने डबे पाहिले नाहीत त्यांना सांगायला पाहिजे. तेव्हा कॉम्प्युटरच्या डब्याला समोरून एक छोटी काळी काच असायची आणि तिच्यात लाल दिव्यांचे आकडे. आत जो मुख्य भाग असतो, प्रोसेसर, तो किती वेगानं चालतो ते त्या आकड्यावरून कळायचं. त्याला इंडिकेटर म्हणायचे. प्रत्येक आकडा सात लाल काड्यांचा. कुठली काडी पेटवायची आणि कुठली विझवायची ते मागच्या टोप्यांवर ठरायचं. कारखान्यातून ते इंडिकेटर यायचे तेव्हा त्यांच्यावर आकडा नसायचा, इंग्रजी अक्षरं असायची. शेजारी एक बटण. बटण दाबलं की दोन अक्षरं दिसायची, सोडलं की दुसरी दोन.

“हे काय लिवलंय?” मी पहिल्या दिवशी विचारलं.

“हाय,” नझीरभाई म्हणाले.

मला वाटलं, बरोबर आहे, कॉम्प्युटर हाय. चालू हाय. मी बटण सोडलं. “आणि आता न्हाय?”

“आता लो.”

“न्हाय कुटं लिवलंय मग?”

नझीरभाई हसून हसून खुर्चीतून घसरले. हाय म्हणजे जास्त, लो म्हणजे कमी, हे त्यांनी नंतर समजावलं. पण तेव्हापासून दुकानात तसंच म्हणायची पद्धत पडली. मशीन सुरू झालं की ते ओरडायचे, “सुमन, हाय का न्हाय?” मी लाजून आतल्या आत म्हणायची, हाय.

गिऱ्हाइकांनाही त्या अक्षरांचा काही उलगडा व्हायचा नाही. पतसंस्थांची, साखर कारखान्यांची माणसं यायची, चाळीस-पन्नास हजारांची वस्तू घ्यायची, आणि त्यांना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं असायचं. सर एक दिवस म्हणाले, “ही अक्षरं काढा. आकडा पाहिजे. दारातून आत येणाऱ्या माणसाला वाचता आला पाहिजे.” इंडिकेटरबरोबर आलेला माहितीचा कागद कुणीतरी भज्यांना वापरला होता. नझीरभाईंना वेळ नव्हता. काम माझ्याकडं आलं.

मी ते घरी शिकले. हिराच्या झाडूच्या सात काड्या सारख्या मापाच्या तोडल्या आणि आईच्या समोर जमिनीवर मांडून बसले. सातही ठेवल्या की आठ. मधली काढली की शून्य. उजवीकडच्या दोन ठेवल्या की एक. आई विड्या वळता वळता बघत होती. “काड्या मोडून नशीब काढतीस व्हय गं?” तिला इंग्रजी आकडे येत नव्हते, मराठीही दहापर्यंतच. मी तिला ते शिकवले. आठवड्याभरात ती सुपावरून मान न उचलता सांगायची, ह्यो चार, ह्यो सात. मग माझ्या डोक्यात आलं की आईला जो आकडा ओळखता येईल तोच स्पष्ट. सहा मी आधी सहा काड्यांऐवजी पाचच काड्यांचा केला होता, वरची आडवी काडी न लावता. आई म्हणाली, “ह्यो काय सहा हाय? मान मोडलेल्या कोंबडीवानी दिसतोय.” मी वरची काडी लावली. नऊला खालची लावली, नाहीतर ती त्याला चार म्हणायची. एकाचा आकडा डावीकडच्या दोन काड्यांचा केला तर तिला ओळखू यायचाच नाही, तो उजवीकडच्या काड्यांचाच ठेवला. मी एका पुठ्ठ्यावर दहाही आकडे काढले, कुठली टोपी कुठं त्याच्या खुणा केल्या, आणि तो पुठ्ठा दुकानात टांगला. एक अडचण राहिली होती. तळघराच्या पायऱ्यांवरून दुपारचं ऊन आत यायचं, आणि सोलापूरचं ऊन म्हणजे लाल दिवा पेटलाय का विझलाय ते कळायचं नाही. जयंतीच्या मंडपातला लाल जिलेटीनचा कागद घरी उरला होता. त्याचा तुकडा कापून मी काचेच्या आतून बसवला. न पेटलेल्या काड्या दिसेनाशा झाल्या आणि पेटलेल्या निखाऱ्यासारख्या उठून आल्या. सर चार पावलं मागं गेले, पायऱ्यांवर चढले, तिथून वाचलं, “सहासष्ट.” मग म्हणाले, “वा.” माझा पगार शंभर रुपयांनी वाढला. त्या दिवशी मी आईला खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली नेली. आयुष्यात मी काही केलं असेल तर ते एवढंच, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. आताही वाटतं, म्हणून तर लिहायला जड जातं.

थोड्या दिवसांनी एक रिकामा डबा माझ्या टेबलावर आला. आत फक्त विजेची पेटी होती, बाकी काही नाही. मी इंडिकेटर बसवून वायर जोडली आणि सहासष्ट आकडा पेटला. मी वाकून आत बघितलं. पोकळ. बाहेर सहासष्ट.

“नझीरभाई, आत काय बी न्हाय की.”

“तर काय झालं?”

“मग ह्यो मोजतोय काय?”

“ये कुच नापता नै, बेटा. सिरफ बत्त्यां हैं. घराच्या दारावर पाटी असती, तशी. आत कोण राहतंय ते पाटीला काय ठावं?”

मला हे कळायला हवं होतं. टोप्या मीच लावायची, आकडा मीच ठरवायची. तरी इतके दिवस मला वाटत होतं की यंत्राला आतून काहीतरी कळतं आणि माझ्या टोप्या त्याला फक्त वाट देतात. गिऱ्हाइकांना तर तसंच वाटायचं. थर्मामीटरकडं बघावं तसे ते त्या काचेकडं बघायचे.

आधी कुठल्या डब्याला काय आकडा ते मला नझीरभाई सांगायचे, आतला भाग बघून. मग सर स्वतः सांगायला लागले. तेहेतीसच्या डब्याला चाळीस लाव. चाळीसच्याला पन्नास. नझीरभाई त्या वेळी दुसरीकडं बघायचे किंवा चहाला जायचे. मला समजत नव्हतं असं नाही. पण ती माणसं मला माहीत नव्हती. माळशिरसची, बार्शीची, कुठली कुठली. डबा रिक्षात बसला की संपलं.

कमलवैनी मात्र आमच्या गल्लीतली. तिचा नवरा आणि माझे वडील मिलमध्ये एकाच खात्यात होते. नवरा वारला, मिलचं देणं कित्येक वर्षांनी तिच्या हातात आलं. ती आमच्यात शिकलेली, मराठी टायपिंगची परीक्षा पास. कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायची. पण वकील मंडळी हळूहळू कॉम्प्युटरवरचे कागद मागायला लागली होती. एका छापखान्यानं तिला सांगितलं, कॉम्प्युटर घेतलास तर अक्षरजुळणीचं काम देतो, पण शंभरचा घे, त्याच्या खाली ते मराठीचं सॉफ्टवेअर रांगतं. गल्लीत सगळ्या बायकांनी तिला वेगवेगळी दुकानं सांगितली. ती आईला म्हणाली, “आपली सुमी हाय की तितं. परक्या दुकानात मी कुणाला इचारू?” आईचं तोंड त्या दिवशी फुललं होतं.

ती दुकानात आली, पदर घट्ट धरून बसली आणि म्हणाली, “साहेब, मला शंभरचंच पायजे. कमी न्हाई चालत.”

“शंभरचंच देतो,” सर म्हणाले. “समोर आकडा दिसेल तुम्हाला. आपल्याकडे लपवाछपवी नाही.”

डबा न्यायचा त्या दिवशी सकाळी मी नझीरभाईंना जुन्या मालाच्या खणातून प्रोसेसर काढताना बघितलं. “आत किती?” मी विचारलं. त्यांनी तोंड फिरवून सांगितलं, “तेहेतीस.” तेवढ्यात सर आले आणि माझ्या टेबलावर बोट वाजवून म्हणाले, “बाईंच्या डब्याला शंभर लाव.”

मी तशीच बसून राहिले. त्या वेळी विडी कारखान्याला पान आलं नव्हतं म्हणून पाच आठवडे काम बंद होतं. आमच्या सुपावर धूळ बसली होती. गल्लीतल्या चार बायका दुसऱ्यांची धुणीभांडी करायला लागल्या होत्या, आईला खोकल्यानं तेही जमत नव्हतं. घरात येणारा पैसा फक्त माझ्या टोप्यांचा. “काय झालं?” सर म्हणाले. “येत नाही का शंभर?” नझीरभाई हळूच म्हणाले, “मालिक बोल्ते सो लगा, बेटा.” मी लावला. एकाला दोन काड्या, दोन्ही शून्यांना सहा-सहा. जिलेटीनचा नवा तुकडा कापून लावला. माझ्या हातून झालेल्या आकड्यांत इतका स्वच्छ दुसरा झाला नाही.

कमलवैनी दुपारी आली. तिनं आकडा बघितला, मग काचेवरून बोट फिरवलं. सर तिचे पैसे मोजत होते. ती माझ्याकडं वळली आणि आवाज खाली करून म्हणाली, “सुमे, हितं दिसतंय ते आत खरंच हाय न्हवं?”

“हाय,” मी म्हणाले.

गिऱ्हाइकासमोर मी तोंड उघडल्याचं ऐकून सरांनीसुद्धा मान वर केली. कमलवैनी हसली. “बघा, आमची मुकी पोरगी बोलाय लागली की तुमच्या दुकानात!” जाताना तिनं माझ्या हातात पेढ्यांचा पुडा दिला. तो मी घरी नेला नाही. रस्त्यात एका म्हाताऱ्याला दिला.

छापखान्यानं तिला पहिलं काम दिलं ते एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं, सभेच्या आत व्हायला हवं असं. ती नंतर आईजवळ सांगत होती आणि मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. अक्षर दाबलं की पडद्यावर यायला वेळ लागायचा. पान हललं की मशीन अडकायचं, बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं, केलेलं जायचं. तिला वाटायचं आपलंच चुकतंय, आपल्याला येत नाही. ती बोटं सावकाश चालवायला शिकली, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेली बाई. आकड्याकडं बघायची, शंभर दिसायचं, आणि पुन्हा स्वतःलाच बोल लावायची. अहवाल वेळेत झाला नाही. छापखान्यानं काम काढून घेतलं आणि उचल परत मागितली. मग तिनं दुसऱ्या दुकानातला माणूस बोलावला. त्यानं डबा उघडला, आत वाचलं आणि तिला सांगितलं.

ती रिक्षातून डबा मांडीवर घेऊन आली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, सरांनी त्यांना आधी वाटेला लावलं. मग शांतपणे तिचं सगळं ऐकून घेतलं.

“बाई, मशीन चालतंय ना?”

“चालतंय. पर शंभरचं न्हाई ते. तेहेतीसचं हाय. पैसं शंभरचं घेतलं तुमी.”

“बिलावर वाचा. कॉम्प्युटर एक, इंडिकेटरसहित. शंभर कुठं लिहिलंय?”

“त्या काचंवर लिवलंय की!”

“ते होय,” सर म्हणाले, आणि माझ्याकडं हात केला. “ते ह्या पोरीचं काम. चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही, काय करणार? चुकून लागला असेल. काय गं सुमन, चुकून लागला ना?”

नझीरभाई चहाला गेलेले नव्हते, तिथंच होते. त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. मी जमिनीकडं बघितलं आणि मान हलवली. हो अशी.

कमलवैनीनं डब्याच्या काचेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “चुकून एखादी काडी चुकती, सुमे. शंभराला तीन आकडं लागत्यात.”

कानांत नुसता पंख्याचा आवाज येत होता. सर म्हणाले, “सुमन, बाईंचा आकडा दुरुस्त करून दे. त्याचे पैसे घेणार नाही आपण.” मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी तिच्या मांडीवरचा डबा घेतला, टेबलावर ठेवला, समोरची चौकट काढली आणि तिच्या देखत एकेक टोपी काढून दुसरीकडं बसवली. पहिला आकडा सगळा विझवला. दुसऱ्याचा तीन केला, तिसऱ्याचा तीन केला. नखं बरोबर चालत होती. वायर लावली. तेहेतीस, लालभडक, स्पष्ट.

“झालं,” सर म्हणाले. “आता बरोबर आहे की नाही?”

तिनं डबा उचलला. नझीरभाई पुढं झाले, तिनं त्यांना हात लावू दिला नाही. पायऱ्या चढताना तिचा पदर चौकटीच्या स्क्रूत अडकला, तो तिनं ओढून काढला, फाटल्याचा आवाज आला. मी टेबलावरच्या उरलेल्या टोप्या मोजून डबीत भरल्या.

मी लगेच काम सोडलं असं कुणाला वाटेल. मी सोडलं नाही. आणखी अकरा महिने मी तिथं होते. नझीरभाई आधी गेले, होटगी रोडला स्वतःची टपरी टाकली. जाताना मला म्हणाले, तेहेतीस आणि शंभरमधला फरक नऊ हजारांचा होता, मीही गप्प बसलो, मलाही वर जाब द्यावा लागणार आहे. मग बिनइंडिकेटरचे डबे यायला लागले. आकडे नकोत असं कंपन्यांनीच ठरवलं, टोप्यांचं काम संपलं आणि सरांनी मला पुन्हा झाडू दिला. तेव्हा मी सोडलं.

कमलवैनीनं कॉम्प्युटर मिळेल त्या किमतीला विकला. छापखान्याची उचल फेडण्यात ते पैसेही गेले, टाइपरायटर तर आधीच विकला होता. पान आल्यावर कारखाना उघडला तेव्हा ती विड्या वळायला आली. तिला येत नव्हत्या. आईच्या शेजारी बसून ती शिकली. चेकर तिच्या सुपातली अर्धी छाट काढायचा. आईला दुकानात घडलेलं सगळं तिच्याकडूनच समजलं असणार, कारण एक दिवस आई घरी येऊन पाय न धुताच बसली. मी ताट वाढलं. आई म्हणाली, “चेकरनं तिची छाट काढली की मला वाटतं माजीच काढली. न्हाई, माजी काढली असती तर बरं झालं असतं. तिच्या म्होरं मला पान कातराय लाज वाटती.” मी म्हणाले, “आई, मग घरात काय आलं असतं?” तिनं भाकरी मोडली, आणि जेवली. माझ्याच पगाराची ज्वारी होती. पण त्यानंतर मी घरात सात काड्या कधी मांडल्या नाहीत, आणि आईनंही कुठला आकडा मोठ्यानं वाचला नाही.

कोरोनाच्या साथीत आईला दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या बोटाला अंगातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला होता. त्यात लाल आकडा. सात काड्यांचा. इतक्या वर्षांनी तो इतक्या जवळून बघितला. ब्याऐंशी होता, मग एकोणऐंशी झाला. बाजूच्या खाटेजवळच्या बाई म्हणत होत्या, ही यंत्रं काही खरी नसतात, बोट गार पडलं की चुकतात. मी आईचं बोट माझ्या दोन्ही हातांत धरून चोळत बसले. त्या चिमट्याच्या मागं कुणाच्या टोप्या नव्हत्या. तो खरंच मोजत होता. आईनं तो आकडा वाचला असेल, तिला येत होता. माझ्याकडं बघून तिनं डोळे मिटून घेतले.

पैसे मी लग्नानंतर द्यायला सुरुवात केली. गणवेशाच्या कारखान्यात काजं-बटणांचं काम मिळालं होतं, त्यातून. नवऱ्याला सांगितलं नाही. पहिल्यांदा कमलवैनीच्या दारात पन्नास रुपये घेऊन उभी राहिले आणि नोट पुढं केली. तिनं नोटेकडं बघितलं, मग माझ्याकडं. “किती देणार हायस?” मी म्हणाले, “नऊ हजार.” ती म्हणाली, “दे मग.” एवढंच. पगार पाच तारखेला व्हायचा, पाचलाच जायची. कधी पन्नास, कधी शंभर. मुलीच्या वेळचं माझं बाळंतपण, नवऱ्याचा अपघात, साथ, यांत वर्षंच्या वर्षं खाडे पडले. खाड्यानंतर गेले तरी ती कधी “इतके दिवस कुटं होतीस?” असं म्हणाली नाही आणि कधी “आत ये” असंही म्हणाली नाही. दारात घ्यायची, मोजायची, दार लावायची. तेव्हाचे नऊ हजार आणि आताचे नऊ हजार एक नव्हेत, हे मला कळतं. तिला तर माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ती आता मुलीकडं राहते, जुळे सोलापूरला, तिसऱ्या मजल्यावर. या महिन्यात शेवटचे अडीचशे होते. मी पाच तारखेला गेले. तिनं दार उघडलं, भिंतीला धरून उभी होती, गुडघे गेलेत तिचे. पैसे घेतले, दोनदा मोजले, कमरेच्या पिशवीत ठेवले.

“फिटलं का समदं?” ती म्हणाली.

“फिटलं, वैनी.”

“मग आता तुला यायचं काम न्हाई.”

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. ती वाट बघत असावी असं मला वाटलं, पण माझं वाटणं खरं की खोटं कुणास ठाऊक. तिनं दार लावलं. हळू लावलं, कडी नंतर घातली. मी कठड्याला धरून खाली उतरले. दुसऱ्या मजल्यावर थांबले तेव्हा लक्षात आलं, पुढच्या पाच तारखेला मला कुठंच जायचं नाही.